बोल्टवर तांबेरा चढलाय! पावसाळ्यात रायफल ठेवायची तरी कशी?

भोगावतीकाठचा | ७ जुलै २०२४, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार.

आबांच्या पश्चात त्यांची .३१५ रायफल रीतसर परवान्यासकट माझ्या नावावर आली, त्याला चार वर्षं झाली. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, बोल्ट ॲक्शन, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हातानं मागंपुढं सरकवून काडतूस भरायचं. गाव राधानगरी तालुक्यात, मी राहायला कोल्हापुरात. ती कधी वाजवलेली मला तरी आठवत नाही. आबांची वस्तू म्हणून सांभाळतो, एवढंच.

लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चअखेर नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा केली आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परत आणली. त्या दिवशी नेमका धो धो पाऊस. घरी येऊन कव्हर काढलं आणि पोटात गोळाच आला. नळी बाहेरून बरी आहे, लाकूडही ठीक. पण बोल्ट! दांड्याच्या गोळ्यावर तांबडे डाग, काडतुसाचं बूड जिथं टेकतं त्या तोंडावर पिवळट भुकटी, आणि एका अंगाला काळाकुट्ट पट्टा, शाई सांडल्यासारखा. पूर्वी एका बोटानं ढकलला तरी सरकायचा, आता खरखर वाजतो.

देताना मी स्वतः तेल लावून पुसून दिली होती. तिथल्या ओलसर खोलीत तीन महिने कोण बघणार हो? कुठलं ठाणं ते लिहीत नाही, पण डोकं तापलंय. हा गंज काढायचा कसा आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं, जाणकारांनी सांगावं. फोटो टाकलेत, नंबर झाकून.

रंकाळ्यावरचा | ७ जुलै, रात्री १०:०५

तांबडा-पांढरा ऐकला होता, बोल्टवर नुसताच तांबडा आज पहिल्यांदा बघितला. वाचतोय.

डोंगरवाट | ७ जुलै, रात्री १०:३०

शुद्ध खोबरेल लावा, दुसरं काही नको. आमच्या आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, तिला आयुष्यभर तेच.

टाकळीचा_फौजी | ८ जुलै, पहाटे ५:४०

खोबरेल केसाला लाव बाबा. बंदुकीला न्हाई.

बावीस वर्षं नोकरी केली, हत्यार कसं ठेवायचं ते मार खाऊन शिकलोय. खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली थिजतंय. आपल्याकडं डिसेंबरात बाटली उन्हात ठेवाय लागती ती का? तसंच ते बोल्टच्या आत फायरिंग पिनभोवती, म्हंजी काडतुसावर आपटणाऱ्या सुईभोवती, थिजतंय, मग पिन आळसावती आणि काडतूस दगा देतंय. ठासणीच्या बंदुकीला बोल्टच न्हाई, तवा आजोबांचं चाललं. गोडं तेल, जवस, करडई यातलं काहीच नको. हवा लागली की त्याची खळ हुती.

आता धागाकर्त्याला दोन प्रश्न. एक, परत आणल्यावर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा डबा) रिकामं हाय का, ते डोळ्यानं आणि बोटानं बघितलंस का? आधी ते, मग बाकीचं. दुसरं, कव्हर कसलं हाय?

फिटर_शिरोली | ८ जुलै, दुपारी १:१५ (जेवणाच्या सुट्टीत)

भावा, तिसरा फोटो मोठा करून बघ. दांड्याच्या गोळ्यावरचे डाग सुटे सुटे नाहीत, त्यात रेषा दिसायला लागल्यात. घरात भिंग असेल तर लाव आणि सांग.

का विचारतोय ते ऐक. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. फिनिश झालेला जॉब उघड्या हातानं उचलायचा नाही, हा आमच्याकडं पहिला नियम. घामात मीठ असतं. ते बोटातून लोखंडावर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जॉबवर बोटं उमटलेली असतात. सगळ्यांच्या हाताला सारखं होत नाही. आमच्यात एक पोरगा होता, कामाला एक नंबर, पण त्यानं हात लावला की तांबडं झालंच म्हणून समजा. त्याला फायनल इन्स्पेक्शनला कधी बसवलं नाही. लग्नात मुंडावळ्यांना तरी हात लावू नको म्हणून पोरं चिडवायची.

भोगावतीकाठचा | ८ जुलै, रात्री ८:४०

फौजीकाका, रिकामी आहे, दोनदा बघितली.

फिटरभाऊ, तुम्ही म्हणालात म्हणून मुलीचं शाळेतलं भिंग घेतलं. अंगठा आहे हो! वळ्यांसकट, मधला भोवरा स्पष्ट, खालच्या बाजूला एक तिरकी चीर. ती चीर माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे, लहानपणी विळीनं कापलेलं. म्हणजे सगळी रायफल तेलाच्या फडक्यानं पुसली आणि शेवटी बोल्ट बंद करायला उघडाच हात लावला. मार्चअखेरचं ऊन, हात घामेजलेला.

आणि कव्हर चामड्याचं. आबांनी एका ओळखीच्या चपला शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतलेलं, जाड, अगदी कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचं. त्यातच जमा केली होती.

टाकळीचा_फौजी | ९ जुलै, पहाटे ५:३५

वाटलंच हुतं मला. चामड्यात रायफल न्यायची असती, ठेवायची नसती.

फिटर_शिरोली | ९ जुलै, दुपारी १:२०

काळ्या पट्ट्याचं कोडं सुटलं बघा. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्यात टॅनिन असतं, आणि ओल मिळाली की टॅनिन लोखंडाला लागून काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ती हीच भानगड. म्हणजे भावा, बोल्टवर शाई सांडल्यासारखं दिसतंय असं तू लिहिलंस, ते खरोखर शाईच आहे. वर चामडं पावसाळी हवेतली ओल पिऊन बसतं आणि लोखंडाला चिकटून राहतं. ठाण्यातली खोली ओली असेलही, पण तुझी रायफल आपल्याच कव्हरात भिजत होती.

डोंगरवाट | ९ जुलै, दुपारी २:००

खोबरेलाचं मान्य. मग डब्ल्यूडी-४० मारून टाका. सगळे तेच मारतात.

फिटर_शिरोली | ९ जुलै, दुपारी २:१०

मारा, पण कशासाठी ते समजून मारा. त्याच्या नावातच आहे, पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. भिजलेल्या वस्तूवरचं पाणी उचलायला झकास. पण बहुतांश भाग उडून जातो आणि मागं राहतो तो थर पातळ. त्याच्यावर विसंबून आषाढ-श्रावण काढायचा म्हणजे अवघड. आम्ही एक्स्पोर्टचा माल आरपी ऑईलमध्ये, म्हणजे गंज रोखणाऱ्या तेलात, बुडवतो, निथळतो आणि व्हीसीआय पिशवीत (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) घालतो. तो माल जहाजात महिना-महिना असतो, खारं वारं खातो, तरी तिकडं कोरा पोचतो.

नेमबाजाची_आई | ९ जुलै, रात्री ९:१५

माझी मुलगी .२२ प्रोन (पालथं झोपून) मारते, त्यामुळे आमचा बोल्ट वेगळा, पण गंजाचा धडा आम्हीही घेतलाय. सांगते.

पहिल्या वर्षी रायफल परदेशी कडक पेटीत, फोममध्ये ठेवायचो. पेटी भारीतली म्हणून आम्ही निश्चिंत. एकदा एसी रेंजवरून आलो, पेटी तशीच बंद ठेवली आणि चार दिवसांनी उघडली, तर बोल्टच्या ज्या अंगाला फोम टेकला होता तेवढ्याच अंगाला तांबूस धूळ. प्रशिक्षकांनी उलगडून सांगितलं. एसीतून गार लोखंड बाहेरच्या दमट हवेत आणलं की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं त्याला पाणी सुटतं. ते पुसायच्या आत पेटी बंद केली, की फोम ते पाणी धरून ठेवतो. आता घरी आल्यावर पेटी आधी अर्धा तास तशीच बंद ठेवतो, म्हणजे आतलं लोखंड घरच्या हवेइतकं कोमट होतं. मग उघडून पुसतो आणि पेटीबाहेर, कपाटात उभी ठेवतो. पेटी फक्त प्रवासाला.

आणि ओल शोषणारं सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तासभर तापवायचं, पुन्हा ताजं होतं. महिनोन् महिने तीच पुडी ठेवून उपयोग नाही, भिजलेली पुडी म्हणजे उलट ओलीचं घरच.

रंकाळ्यावरचा | ९ जुलै, रात्री ९:४०

तांदळाची पुरचुंडी चालेल का? मोबाईलला करतात तशी.

नेमबाजाची_आई | ९ जुलै, रात्री ९:५५

नको, दादा. तांदूळ फारसं पाणी ओढत नाही, आणि त्याची पिठाळ धूळ तेलावर बसते. तांदळाचा भातच करा.

टाकळीचा_फौजी | १० जुलै, सकाळी ६:१०

आता काढायचं कसं ते सांगतो. बोलत बोलत लिहिलंय, सावकाश वाच.

बोल्ट पूर्ण मागं घे, बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) वर उचल, बाहेर येतोय. इशापूरची .३१५ जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीची, म्हणून हेड निराळं असतंय, आट्यावर फिरून निघतंय. ते काढ, पण एक ध्यानात ठेव. हेड त्या त्या रायफलला घासून बसवल्यालं असतंय. दुसऱ्या कुणाच्या रायफलचं हेड मापात दिसलं म्हणून घालायचं न्हाई. काडतुसामागची जागा कमीजास्त झाली की कवच फुटून गॅस तोंडावर येतोय. परत लावताना हेड पूर्ण आवळायचं.

आतली फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढाय खास चावी लागती. ती नसली तर पक्कड लावून खेळ करू नकोस. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडं परवाना घिऊन जा, तो दहा मिनिटात उघडून देतोय. तुझा बोल्ट खरखर वाजतोय म्हणालास, म्हंजी आत स्प्रिंगभोवती आबांनी कधीतरी गोडं तेल घातल्यालं दिसतंय. ते उघडूनच काढाय पायजे.

बाहेरचा गंज: आधी रॉकेलनं धू, कोरडं कर. मग पातळ मशीनचं तेल लावून एक रात्र ठेव. सकाळी तांब्याचा जुना पैसा घे, घरात ढब्बू पैसा असंल तर ब्येस. तेलातच त्याच्या कडेनं हळू खरवड. तांबं पोलादापेक्षा मऊ, गंज निघतोय आणि पोलादाला चरा पडत न्हाई. राहिल्यालं बारीकातली बारीक स्टील वूल, चार शून्यांची, तेलात भिजवून. भांडी घासायची तारेची घासणी न्हवं! पॉलिश पेपर तर अजिबात न्हाई. मागच्या बाजूला जे खटके बोल्ट अडवून धरत्यात त्याच्यावर पेपर मारलास तर माप गेलं. आणि दांड्याच्या मुळाशी नंबर हाय, तिथं हात हलका. नंबर पुसट झाला तर गंज परवडला म्हणशील, कायद्याच्या भानगडीत घर इकाय लागंल.

व्हिनेगर, लिंबू, हार्पिक कुणी सांगितलं तर ऐकू नको. गंजाबरोबर काळा मुलामा पण जातोय.

फिटर_शिरोली | १० जुलै, दुपारी १:३०

काकांना शंभर पैकी शंभर. काळ्या मुलाम्याबद्दल थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो रंग वाटतो. तो रंग नाही, लोखंडाचाच काळा ऑक्साईड आहे, मुद्दाम चढवलेला. तो बारीक छिद्रांचा असतो, तेल धरून ठेवतो, पण तेल नसेल तर स्वतःहून काही वाचवत नाही. तांबडा गंज पोकळ असतो, ओल आत घेतो आणि खाली खड्डे पाडत जातो. म्हणून डाग दिसला की त्याच आठवड्यात बसायचं. खड्डा पडल्यावर आम्ही त्याला पिटिंग म्हणतो, आणि तो भरून येत नाही.

वनवासी | १० जुलै, सायंकाळी ६:००

एक राहिलं. तोंडावरची पिवळट भुकटी. आबांनी शेवटची कधी आणि कुठल्या काडतुसांनी वाजवली होती? बऱ्याच जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोळा, खाली मीठ आपलं काम करत बसतं. ते फक्त पाण्यात विरघळतं. म्हणून जुने लोक नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायचे. गरम पाण्याचा फायदा असा, की लोखंड तापतं आणि पाणी आपोआप वाळतं. बोल्टच्या तोंडालाही तेच लागू.

भोगावतीकाठचा | १० जुलै, रात्री १०:२०

वाजवली कधी ते माहीत नाही. पण कपाटात जुन्या काडतुसांची एक रिकामी खोकी आहे, आबांच्या नोकरीच्या काळातली. म्हणजे शंका घ्यायला जागा आहे. पाणी लावायचं ऐकून हात थरथरतोय, पण करतो.

टाकळीचा_फौजी | ११ जुलै, पहाटे ५:३०

पाण्याला भिऊ नको. पाणी लावून न पुसणाऱ्याला भ्यायचं. आमचे उस्ताद म्हणायचे, चिंदी कोरडी निघाली पायजे, तवर थांबायचं न्हाई.

कृष्णाकाठ_शिरोळ | २४ जुलै, सकाळी ७:३०

धागा वर काढतोय, कारण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या वर गेलीय आणि ४३ ला धोका. आमच्याकडं पाणी आलं तर रात्रीतून येतं.

२०१९ च्या ऑगस्टात आम्ही माणसं आणि जनावरं काढली, वडिलांची दोन नळी बारा बोअर माळ्यावर राहिली. माळ्यावर पाणी येईल असं स्वप्नातही नव्हतं. आठ दिवसांनी मिळाली ती गाळात. मी चूक केली ती अशी: उन्हात वाळत घातली. दुपारपर्यंत डोळ्यांदेखत नारिंगी झाली. नंतर एका जाणत्या माणसानं सांगितलं, की पुरातून काढलेलं लोखंड लगेच उन्हात टाकायचं नाही. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा आणि नीट बसून काम करायला सवड मिळेपर्यंत चांगल्या पाण्यात बुडवूनच ठेवायचं. तिथं हवा कमी लागते. मग एकदम काढायचं, पाणी हटवणारं तेल मारायचं, पुसायचं, उघडायचं, पुन्हा तेल. ओलं लोखंड आणि मोकळी हवा एकत्र आली की गंज धावत येतो.

नदीकाठच्या परवानाधारकांनी या वेळी हत्यार आधीच वरच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात रीतसर जमा करावं आणि पावती घ्यावी. मी काल केलं.

भोगावतीकाठचा | २४ जुलै, सकाळी ८:१०

दादा, सांभाळून राहा. जनावरं आधी हलवा.

नेमबाजाची_आई | १ ऑगस्ट, दुपारी ३:००

गंज राहू द्या बाजूला! स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ! ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं), ४५१.४ गुण! कांबळवाडीचा पोरगा, धागाकर्त्याच्याच तालुक्यातला. २०१० मध्ये तेजस्विनी सावंतनं म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेतेपद घेतलं, तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच कोल्हापुरात आले होते. आज माझी मुलगी टीव्हीसमोर रडत बसलीय.

रंकाळ्यावरचा | १ ऑगस्ट, दुपारी ३:०५

नाद खुळा! राधानगरीच्या धरणाचे दरवाजे उघडले तरी एवढा आवाज होत नाही, एवढे फटाके गल्लीत लागलेत.

टाकळीचा_फौजी | १ ऑगस्ट, दुपारी ३:४०

पोरानं नाव काढलं. आता टीव्ही लावणाऱ्या सगळ्यांनी त्याचा बोल्ट बघा. कसा सरकतोय! घरच्या रायफलीचा बोल्ट हातात घेताना ते ध्यानात ठेवा.

भोगावतीकाठचा | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

झालं एकदाचं.

दुरुस्तीवाल्याकडं पिन आणि स्प्रिंग काढून घेतली. स्प्रिंगच्या वेढ्यांत गुळाच्या काकवीसारखं तपकिरी चिकट. वास घेतला तर जुन्या दिव्याचा. फौजीकाकांचा तर्क बरोबर, गोडं तेलच. रॉकेलात दोन रात्री ठेवलं तेव्हा सुटलं. बोल्टचं तोंड उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं, हेअर ड्रायरनं सुकवलं. पैसा आईकडून घेतला. ढब्बू नव्हता, पण तांब्याचाच जुना. देवघरातला म्हणून आधी कुरकुरली, मग स्वतःच शेजारी येऊन बसली. रॉकेलाच्या वासानं तिला आबा आठवले असावेत, काही बोलली नाही.

तांबडं गेलं. अंगठ्याच्या जागी चार-पाच सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिलेत, ते आता कायमचे. काळा टॅनिनचा पट्टा फिकटला, पूर्ण गेला नाही. आतमध्ये तेलाचा नुसता ओलावा ठेवलाय, थेंब नाही. बाहेरून जरा सढळ. काम होईतो हातात सुती मोजे.

फिटर_शिरोली | १९ ऑगस्ट, दुपारी १:१०

झकास. पट्ट्याच्या मागं लागू नकोस, त्याखाली खड्डा नसेल तर तो काही खात नाही. आता विधानसभा आहेच. या वेळी चामडं घरी ठेव. बोल्टला तेल, वरून व्हीसीआय कागद, मग सगळी रायफल व्हीसीआय पिशवीत घालून तोंड घट्ट बंद. कागदातून जी वाफ निघते ती बंद जागेतच काम करते. पिशवी फाटकी किंवा उघडी असेल तर शून्य. इथल्या पॅकिंगवाल्यांकडं मिळते, मोठ्या मापाची माग. आणि तेल फार थबथबीत नको, नाहीतर कागदच भिजतो.

भोगावतीकाठचा | २२ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:५०

आज जमा करून आलो. पिशवी बघून ठाण्यातले मुन्शी (कारकून) म्हणाले, हे काय, साडी आणलीय का? नंबर तपासायला सगळं सोडावं लागलं. त्यांनी बोल्टकडं हात नेला तसा मी पटकन मोजा पुढं केला. आधी हसले, मग घातला. नंबर बघून झाल्यावर मी तिथंच बाकावर बसून तेलाच्या चिंदीनं पुन्हा पुसली, कागद गुंडाळला, पिशवीचं तोंड टेपनं बंद केलं. मागं रांगेत चार माणसं ताटकळत. एक आजोबा बारा बोअर चामड्याच्या कव्हरात घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, आजोबा, कव्हर परत घरी न्या. ते म्हणाले, अरे, ते चाळीस वर्षांचं आहे. मी म्हटलं, माझंही तेवढंच होतं.

टाकळीचा_फौजी | २३ ऑक्टोबर, पहाटे ५:४५

पावतीवर बोल्टचा नंबर वेगळा लिहून घेतलास का?

भोगावतीकाठचा | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

घेतला, काका. 'बोल्टसह, गंज नाही' असंही लिहून घेतलं.